तिसऱ्या चौकीचा लाल बावटा

पाणीपुरवठा खात्याच्या आरेखन विभागात ज्यांनी एकतीस वर्षे पट्टी आणि पेन्सिल यांच्या संगतीत काढली, त्यांना हौशी मोटारचालकांच्या मंडळात ‘काटकोन’ हे टोपणनाव पडावे यात नवल नव्हते. नवल असलेच तर एवढेच, की ठेवणाऱ्यांनी ते थट्टेने ठेवले आणि ज्यांना ठेवले त्यांनी ते पदवीसारखे मिरवले.

मंडळाचा खेळ समजायला सोपा होता. घाऊक बाजारामागचे विस्तीर्ण वाहनतळ सुट्टीच्या दिवशी ओस पडे. तेथे नारिंगी रबरी शंकू मांडून नागमोडी वाट आखायची, आणि एकेकाने आपली नेहमीचीच गाडी त्या वाटेने घड्याळाशी झुंजत बाहेर काढायची. प्रत्येक शंकूभोवती जमिनीवर खडूची चौकट असे. गाडीच्या धक्क्याने शंकू हलला, पण उभा राहून रेषेला कुठेतरी चिकटून असला, तर माफ. आडवा झाला किंवा रेषेच्या पूर्ण बाहेर गेला, तर दोन सेकंदांचा दंड. प्रत्येकाला काही फेऱ्या मिळत; दंड मिळवून त्यांतली सर्वांत सरस तेवढी धरली जाई. पडलेले शंकू जागेवर ठेवणारी आणि दंड वॉकीटॉकीवरून कळवणारी माणसे वाटेलगतच्या चौक्यांवर उभी असत. ती सारी बिनपगारी. चौकटी मात्र काटकोन एकटेच आखत, भल्या सकाळी, गुडघे टेकून. दुसऱ्या कुणी आखलेली चौकट त्यांना दिसे तीच मुळी पतंगासारखी.

कार्यालयात त्यांची पट्टी संगणकाने केव्हाच खाली ठेवायला लावली होती. या मैदानावर मात्र एक गोष्ट अजून तशीच होती: जागेवरून हललेली वस्तू नेमकी तिच्या जागी परत ठेवता येत होती. निवृत्त माणसाला याहून मोठे सुख कोणते, हे त्यांनी पुष्कळांना विचारून पाहिले होते आणि उत्तराची वाट न पाहता वादही घातला होता.

या सुखाला अलीकडे एक गालबोट लागले होते. उजवा गुडघा मधेच अडके. वाकला की काही क्षण सरळ होण्याचे नावच घेत नसे; मग आतून खट्‌ असा आवाज येई आणि सुटे. ही गोष्ट काटकोनांनी कोणालाही सांगितली नव्हती. पण गेल्या स्पर्धेत, अशाच एका अडकलेल्या क्षणी, ते येणाऱ्या गाडीकडे पाठ करून वाकलेले सुरक्षाप्रमुखांना दिसले होते. सुरक्षाप्रमुख म्हणजे अग्निशामक दलातून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांना सगळे बंबवाले म्हणत. माणूस प्रेमळ, पण नियमाला पक्का.

“एकदा चुकलात, ताकीद,” ते म्हणाले होते. “दुसऱ्यांदा पाठ दिसली तर वर्षभर मैदानाबाहेर. नियम तुम्हीच लिहिलाय, काटकोनराव. तुमच्याच अक्षरात आहे.”

तो खरोखर त्यांच्याच अक्षरात होता.

मोसमाची शेवटची स्पर्धा होती. काटकोनांची लेक आपली जुनी निळी गाडी घेऊन तीन वर्षे मोसमाच्या कपामागे होती, आणि यंदा तो हाकेच्या अंतरावर आला होता. मंडळाच्या रिवाजाप्रमाणे प्रत्येक चालकाबरोबर चौकीवर उभे राहणारे एक माणूस आणावे लागे. ते काम जावईबापू करत. पण त्यांना कामानिमित्त परगावी जावे लागले, आणि त्यांच्या जागी त्यांच्या मातोश्री, म्हणजे काटकोनांच्या विहीणबाई, नारिंगी जाकीट चढवून हजर झाल्या. मोठ्या रुग्णालयात त्यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी मदतनीस परिचारिका म्हणून नोकरी केली होती. सून सुट्टीच्या दिवशी नक्की कुठे जीव धोक्यात घालते, हे एकदा डोळ्यांनी पाहावे, असाही त्यांचा हेतू होता.

त्यांना तिसरी चौकी मिळाली. तिचे प्रमुख काटकोन.

ही चौकी अडचणीची होती. मैदानाच्या मध्यावर वजनकाट्याची एक पक्की खोली होती, आणि वाट तिला दुरून वळसा घालून नागमोडी रांगेत शिरे. त्या खोलीमुळे ही रांग ना प्रारंभरेषेवरून दिसे, ना वेळ नोंदवणाऱ्यांच्या तंबूतून, ना वळणावर येईपर्यंत चालकाला. तेथे काय घडते ते तिसऱ्या चौकीवरच्या दोघांनाच ठाऊक.

“हे बघा विहीणबाई,” काटकोनांनी सुरुवात केली, “इथे बसायचं नाही. फोन बघायचा नाही. फोटो तर मुळीच नाही.”

“दिवसभर उभं राहायचं?”

“दोन तास. मग गट बदलतो.”

“ऑपरेशन थिएटरात मी सलग अकरा तास उभी राहिलेय, व्याहीबुवा. पुढचं सांगा.”

“येणाऱ्या गाडीकडे पाठ करायची नाही. कधीच नाही. चालवणाऱ्याला आपण दिसतोय अशा भ्रमात राहायचं नाही. त्याला फक्त पुढचा शंकू दिसतो. एक गाडी अर्ध्यावर आली की मागून दुसरी सोडतात. म्हणजे शंकू पडल्यापासून तो ठेवून बाहेर यायला आपल्याला वीस सेकंद. जमणार नसेल तर शंकू राहू द्यायचा.”

“आणि हे लाल फडकं?”

“फडकं नाही, बावटा. वाटेवर माणूस असेल, गाडी बंद पडली असेल, तर दोन्ही हातांनी उंच धरायचा. तो दिसला की चालकाने जागच्या जागी थांबायचं.”

“आणि शंका असेल तर?”

“तरी धरायचा. आधी बावटा, मग वाद. थांबवलेल्या गाडीला पुन्हा फेरी देता येते.”

“वाद तुम्ही घालणार असाल.”

“ती माझी हौस आहे,” काटकोन नम्रपणे म्हणाले. “चौकीवर काय झालं ते विचारायला कुणी आलं, तर प्रमुखाने सांगायचं. एका तोंडाने. आणि बावटा ज्याच्या हातात, त्याने जागा सोडायची नाही. शंकू दुसऱ्याने उचलायचे.”

“मग बावटा तुम्ही धरा, उचलते मी. हलकेच तर आहेत.”

“छे छे. बावटा तुम्हीच धरा. शंकू ठेवायला जरा हात बसलेला लागतो.”

विहीणबाईंनी त्यांच्याकडे पाहिले. चेहऱ्याकडे नाही, खाली.

“उजवा ना? सकाळी गाडीतून उतरताना तुम्ही दाराला धरून उभे राहिलात. अडकतो?”

“बसून बसून आखडलाय.”

“इथे बसायचं नाही म्हणालात ना आत्ता.”

काटकोनांनी चक्क वाद सोडून दिला. वर्षातून असे एखाददोनदाच होई. ते हळू आवाजात म्हणाले, “लेकीला कळायला नको. आज तरी नको.”

“मी आपणहून सांगणार नाही. पण मला सरळ विचारलं, तर खोटंही बोलणार नाही. शस्त्रक्रियेनंतर कापसाचे बोळे मोजायचं काम होतं माझं. एक कमी भरला म्हणून मी बड्या बड्या सर्जनना टाका घालू दिला नाही. सवय वाईट आहे, पण आता सुटायची नाही.”

पहिला तासभर सगळे सुरळीत गेले. काटकोन शंकू ठेवत, अर्धे पाऊल मागे सरून पाहत, पुन्हा एक बोटभर सरकवत आणि बाहेर येत. विहीणबाई बावटा गुंडाळून हातात धरून खांबासारख्या उभ्या असत. मधून मधून म्हणत, “पुरे की. शंकूचं लग्न लावताय का?” काटकोन म्हणत, “एक बोट इकडे, एक बोट तिकडे, म्हणून तर घरं पडतात.” विहीणबाई म्हणत, “हे घर रबराचं आहे.” दोघांची ओळख सात वर्षांची, पण लग्नातल्या मानपानानंतर इतके मोकळे बोलणे त्यांच्यात प्रथमच होत होते.

मग शेवटच्या फेऱ्या आल्या. लेकीच्या आधी औषधविक्रेत्याची पिवळी गाडी होती; मोसमाच्या गुणांत तोच तिच्यापुढे होता. पिवळी गाडी वजनकाट्याच्या खोलीला वळसा घालून आली, रांगेत शिरली, आणि चौथ्या शंकूला तिचे मागचे चाक घासले. शंकू आडवा पडला आणि घरंगळत दूर गेला.

“तीन नंबर. एक शंकू आडवा. दोन सेकंद,” काटकोनांनी कळवले आणि ते निघाले. मनात त्यांनी बेरीज केली होती. औषधविक्रेत्याला दंड पडला. आता लेकीने एकही शंकू न पाडता गाडी नुसती नीट आणली, तरी कप तिचा.

शंकू उचलून ते चौकटीपाशी आले तेव्हा चौकटीची एक बाजू चाकाखाली पुसून गेली होती. खडू त्यांच्या खिशात होता. लेकीची फेरी, आणि अर्ध्या चौकटीवर तिचा न्याय व्हायचा? ते वाकले. उरलेली बाजू त्यांनी ओढली, अगदी सरळ, ठळक. शंकू ठेवला. बोटभर सरकवला. हे करताना आपले तोंड कुठल्या दिशेला आहे, हे पाहायचे राहून गेले.

मग उठू लागले, तर गुडघा उठेना.

हात जमिनीला टेकून ते तसेच राहिले. खट्‌ व्हायची वाट पाहत. खट्‌ होईना. त्यांच्या छातीशी वॉकीटॉकी बोलत होता: निळ्या गाडीचा अर्ध्या वाटेचा वेळ, आजचा सर्वांत चांगला. आणि मागे, खोलीपलीकडून, इंजिनाचा तो चढता आवाज, जो त्यांना शेकडो गाड्यांतून ओळखू आला असता.

“व्याहीबुवा, बाजूला व्हा,” विहीणबाई ओरडल्या. त्यांनी ते ऐकले; पण गुडघ्याने ऐकले नाही.

विहीणबाई जागेवरून हलल्या नाहीत. धावत जाऊन व्याह्याला ओढावे, असे कोणालाही वाटले असते. पण त्यांना सकाळी जे सांगितले होते, ते त्यांनी केले. त्या जिथे उभ्या होत्या तिथून रांग आणि वळण दोन्ही दिसत होते. त्यांनी बावटा उघडून दोन्ही हातांनी डोक्यावर धरला.

टायर किंचाळले. निळी गाडी वळणावरच, खोलीच्या आडोशाला, जराशी तिरकी होऊन थांबली.

आता मात्र गुडघा सुटला. काटकोन उठले, लंगडत चौकीवर आले. गाडी रिवाजाप्रमाणे पायी चालण्याच्या गतीने रांगेतून पुढे निघाली, तेव्हा वाट मोकळी होती, शंकू ताठ उभे होते, आणि हेल्मेटमधून लेकीचे डोळे दोघांकडे आळीपाळीने पाहत होते. काय झाले, एवढेच ते विचारत होते.

“तीन नंबर, लाल बावटा कशासाठी?” वॉकीटॉकीने विचारले.

“वाट मोकळी आहे,” काटकोन म्हणाले. “बाकी नंतर.”

गाड्या थांबवल्या गेल्या. बंबवाले स्वतः चालत येताना दिसले. तेवढे अंतर यायला त्यांना दोन-अडीच मिनिटे लागली असतील, आणि तेवढ्या वेळात काटकोनांच्या मनात एक संपूर्ण युक्तिवाद उभा राहिला. कोणाला इजा झाली नव्हती. लेकीला फेरी पुन्हा मिळणारच होती. नवख्या माणसाने घाबरून बावटा दाखवला, तर मंडळात त्याला कोणी रागावत नसे; उलट पाठीवर हात ठेवत. विहीणबाई काही पुन्हा इथे येणार नव्हत्या, आणि त्यांना स्वतःला तर या मैदानाशिवाय दुसरीकडे कुठे जायचे नव्हते. युक्तिवादाच्या सगळ्या बाजू सरळ होत्या. फक्त विहीणबाई तेवढ्या रेषेच्या पूर्ण बाहेर उभ्या होत्या.

बंबवाल्यांच्या मागोमाग लेकही आली. गाडी प्रारंभरेषेपाशी सोडून, हेल्मेट काखेत मारून.

“आई, काय झालं?” ती सासूबाईंना म्हणाली. आवाज तिने मोठ्या कष्टाने मवाळ ठेवला होता. “मी आले तर काहीच नव्हतं इथे. आयुष्यात अशी फेरी लागली नव्हती मला.”

विहीणबाई बावटा सावकाश गुंडाळत होत्या.

“पहिला दिवस आहे त्यांचा,” बंबवाले समजूतदारपणे म्हणाले. “गाडी अंगावर आल्यासारखी वाटते. घाबरलात ना, बाई? होतं असं. माझ्या दलातही पहिल्या दिवशी एकाने धूर नसताना पाणी सोडलं होतं.”

“घाबरले नव्हते,” विहीणबाई म्हणाल्या.

“मग?”

“चौकीचे प्रमुख हे आहेत. काय झालं ते प्रमुखाने सांगायचं, असं सकाळी ठरलंय.”

सर्वांनी काटकोनांकडे पाहिले. विहीणबाईंनी मात्र पाहिले नाही. त्यांनी नजर टाकली असती, भुवई उंचावली असती, तर काटकोनांना त्याचा राग धरून काहीतरी बोलता आले असते. पण त्यांनी बावट्याची घडी घातली आणि ती सारखी केली. काटकोनांना एकाएकी पुढची कितीतरी वर्षे दिसली. जेवणाच्या टेबलावर, पाहुण्यांसमोर, हसत हसत सांगितली जाणारी गोष्ट: सासूने सुनेला लाल बावटा दाखवला. ही बाई प्रत्येक वेळी ते ऐकून घेणार, आणि पाणी वाढायला उठणार.

“बावटा बरोबर होता,” ते म्हणाले. “वाटेवर माणूस होता.”

“कोण माणूस?” बंबवाल्यांनी विचारले.

“मी. चौकट पुसली होती, ती आखायला वाकलो. पाठ येणाऱ्या गाडीकडे. आणि गुडघा अडकला. हा उजवा. वर्षभर अडकतोय.” त्यांनी श्वास घेतला. “यांनी बावटा दाखवला नसता, तर मी तिच्या गाडीखाली होतो. माझ्याच लेकीच्या. आता नियम क्रमांक सहा वाचून दाखवू नका, मला पाठ आहे.”

लेकीचा चेहरा पांढरा पडला. ती बापाकडे गेली नाही. आधी सासूपाशी गेली आणि तिच्या हातातली ती बावट्याची घडी तिने, हातासकट, घट्ट धरली.

“तुम्ही सांगितलं का नाहीत, आई? मी इतकं बोलले.”

“कुठे इतकं? एवढं तर मी रोज बोलते,” विहीणबाई म्हणाल्या. “आता जा. गाडी थंड होईल. आणि चौथ्या शंकूला जपून. फार प्रेमाने ठेवलाय तो.”

बंबवाल्यांनी काटकोनांपुढे हात केला. काटकोनांनी वॉकीटॉकी काढून दिला, मग खडूही दिला.

“खडू ठेवा,” बंबवाले म्हणाले. “वर्षभर मैदानाबाहेर. नोंदणीच्या टेबलावर माणूस हवाच आहे मला.”

“म्हणजे उंटावरून शेळ्या हाका.”

“हाका. पण बसून हाका.”

नोंदणीचे टेबल प्रवेशद्वाराशी होते. तेथून तिसरी चौकी दिसत नव्हती. काटकोन खुर्चीवर बसले आणि टेबलावरच्या वॉकीटॉकीकडे कान देऊन राहिले. निळी गाडी सुटली. ती खोलीआड गेली. काही काळ नुसता आवाज. मग ती पलीकडून बाहेर पडली आणि शेवटच्या रेषेवरून सुसाट गेली. तंबूतून वेळ आला: औषधविक्रेत्यापेक्षा आठ दशांश सेकंदाने कमी, तेही त्याचा दंड न धरता. टेबलाभोवतीच्या दोघांतिघांनी टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात वॉकीटॉकीवर विहीणबाईंचा आवाज आला, स्वच्छ आणि बिनघाईचा. बंबवाल्यांनी कळवायचे काम त्यांच्याकडेच दिलेले दिसत होते.

“तीन नंबर. चौथा शंकू उभा आहे, पण रेषेच्या बाहेर. पूर्ण बाहेर. दोन सेकंद.”

“नक्की?” तंबूने विचारले. “किती बाहेर?”

“एक बोट. ही बाजू नुकतीच आखलेली आहे, अगदी ठळक. शंकेला जागा नाही.”

काटकोनांनी डोळे मिटले. पुसट रेषेवर संशयाचा फायदा चालकाला देतात, हाही त्यांच्याच अक्षरातला नियम होता. पण औषधविक्रेत्यालाही तिथेच दोन सेकंद पडले होते. त्यांनी घाईघाईने बेरीज केली: दोघांना सारखाच दंड, लेक आठ दशांशांनी पुढे. मग ध्यानात आले की औषधविक्रेत्याची आधीची एक फेरी, दंडाशिवायची, या दोन्हींपेक्षा सरस होती, आणि तीच धरली जाणार होती. कप गेला. त्यांनी बेरीज पुन्हा करून पाहिली. ती बरोबरच होती.

लेक आली ती हेल्मेट हलवत. रडत असेल, असे त्यांना वाटले होते. ती हसत होती, आणि ते हसू तिला आवरत नव्हते.

“एक बोट, बाबा. बापाने रेघ ओढली आणि सासूने मोजली. मला शत्रूची गरजच काय?”

“मी थोडी पुसट ओढायला हवी होती.”

“ओढली असतीत?”

“नाही.”

“मग झालं.” ती त्यांच्या शेजारी बसली आणि हसू हळूहळू ओसरले. “वर्षभर अडकत होता? आणि मला तुम्ही सांगत होतात, बूट नवे आहेत म्हणून.”

“बूटही नवेच होते.”

“परवा अस्थितज्ज्ञाकडे जायचंय. मघाशी गाड्या थांबल्या होत्या, तेव्हाच आईंनी फोन लावला. त्यांच्या ओळखीतले आहेत. त्याही येणार आहेत, कारण तुम्ही डॉक्टरांशी वाद घालाल.”

इतक्यात गट बदलला आणि विहीणबाई आल्या. त्यांनी काटकोनांचा पाय उचलला, जवळ पडलेला एक जादा शंकू आडवा करून गुडघ्याखाली सारला आणि परत गेल्या. लेकही आपली गाडी आणायला निघून गेली.

संध्याकाळी गाड्या पांगल्या आणि आवराआवर सुरू झाली. शंकू एकात एक घालून उतरंडी रचल्या जात होत्या. मोजायचे काम आजवर काटकोनांचे. आज ते आपोआप विहीणबाईंकडे गेले. त्यांनी एकदा मोजले, पुन्हा मोजले.

“सकाळी किती दिले होते?” त्यांनी विचारले.

“एकशे चाळीस,” काटकोन टेबलावरून म्हणाले.

“एकशे एकोणचाळीस भरतात.”

“एक असेल कुठेतरी,” बंबवाले म्हणाले. “बाई, दिवस मावळला. जाऊ द्या.”

“जाऊ कसा देऊ? एक कमी आहे.” मंडळाच्या सात-आठ थकल्या माणसांना त्यांनी मैदानभर पांगवले. उरलेल्या गाड्यांखाली पाहून झाले, वजनकाट्याच्या खोलीमागे पाहून झाले, कुंपणाच्या कडेने एक फेरी झाली. माणसे रिकाम्या हातांनी परत आली, आणि तेव्हा कुठे विहीणबाईंची नजर टेबलाखाली, काटकोनांच्या गुडघ्याकडे गेली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसे झाले होते.

काटकोनांनी खजील होऊन पाय खाली घ्यायला सुरुवात केली.

“राहू द्या,” विहीणबाई म्हणाल्या आणि वहीत आकडा लिहिला. “एकशे चाळीस. आहे तो त्याच्या जागेवर.”